शेणखतात सापडलेला साप

जून महिना संपत आला होता. पाऊस चांगला लागला होता. लावणीची घाई होती, म्हणून रात्रीच्या वर्गाला माणसे कमी होती. शाळेच्या ओसरीवर दिव्याखाली आम्ही दहाबारा जण पुस्तके उघडून बसलो होतो. तेवढ्यात वरच्या वाडीतले तात्या आले. हातात काठी. काठीच्या टोकाला काहीतरी लांबलचक लोंबत होते.

"गुरुजी, साप मारला बघा. शेणखताच्या ढिगाजवळ होता. दोन तोंडांचा आहे. अजून एक आहे तिथं, दगडाखाली वेटोळं घालून बसलाय. त्याला उद्या सकाळी बघतो."

बायका मागे सरकल्या. म्हातारे आबा मात्र पुढे आले. त्यांनी वाकून बघितले आणि म्हणाले, "साप कसला! वाम आहे ही. पावसात चढून आली असेल."

"शेणात मासा कशाला येईल, आबा?" काकू म्हणाल्या. "गांडूळ आहे ते. मोठं गांडूळ."

एक प्राणी आणि तीन मते. साप, मासा, गांडूळ. गुरुजींनी जुने वर्तमानपत्र पसरले. त्यावर तो प्राणी ठेवला. म्हणाले, "पुस्तक मिटून ठेवा. आजचा धडा हाच."

प्राणी हातभर लांब होता. रंग काळसर जांभळा. अंगावर गांडुळासारखी वळी होती. कातडी ओली, बुळबुळीत. डोके कुठले नि शेपूट कुठले, पटकन कळत नव्हते. तात्या दोन तोंडांचा म्हणाले ते म्हणूनच.

"आधी काकूंचं मत बघू," गुरुजी म्हणाले. "तात्या, त्याच्या पाठीवरून अंगठा दाबून फिरवा. काय लागतं?"

तात्यांनी भीतभीतच हात लावला. "आत काहीतरी कडक आहे. दोरीसारखं."

"आता आपापल्या पाठीवरून हात फिरवा."

सगळ्यांनी फिरवला. पाठीच्या मधोमध मण्यांच्या माळेसारखे काहीतरी हाताला लागते. तो पाठीचा कणा. त्यातला एकेक मणी म्हणजे मणका. माणसाच्या कण्यात लहानपणी ३३ मणके असतात. मोठेपणी खालचे काही एकमेकांना जुळतात. बेडकाच्या कण्यात नऊदहाच मणके असतात. सापाच्या कण्यात दोनशेच्या वर असतात. म्हणून तर साप असा वळतो.

गांडुळाला कणा नसतो. त्याच्या अंगात हाडच नसते. गोम, विंचू, डास, गोगलगाय, कोळंबी यांनाही कणा नाही. खेकडा कडक असतो खरा, पण त्याचा कडकपणा बाहेरून असतो, घराच्या भिंतीसारखा. आपला आतून असतो, घराच्या खांबासारखा. जगात कणा नसलेले प्राणीच फार. कणा असलेले थोडे. पण आपल्या गोठ्यातले, अंगणातले, नदीतले जे प्राणी चटकन नजरेत भरतात, ते बहुतेक कणा असलेलेच.

तेव्हा काकूंचे गांडूळ बाद झाले.

कणा असलेल्या प्राण्यांची पाच घराणी आहेत. मासे हे एक. बेडकाचे घराणे दुसरे. साप, पाल, कासव, मगर यांचे तिसरे. पक्षी चौथे. दूध पाजणारे प्राणी पाचवे. पाचवे आपले स्वतःचे. कोणता प्राणी कोणत्या घराण्यातला, हे त्याच्या आकारावरून ठरवू नये. आकार फसवतो. आमच्या ओसरीवर तिघे फसले, ते आकारामुळेच.

आता आबांची वाम. आबांचे सगळे आयुष्य नदीवर गेले. त्यांना मासा शिकवावा लागत नाही. गुरुजींनी त्यांनाच विचारले, "आबा, मासा पाण्यात श्वास कशानं घेतो?"

"कल्ल्यांनी. बाजारात ताजा मासा ओळखायचा तर कल्ला उचलून बघतात. लालभडक असला तर ताजा."

कल्ला लाल का असतो? त्यात रक्त खेळत असते म्हणून. मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यातून बाहेर सोडतो. जाता जाता पाण्यात मिसळलेली हवा कल्ला शोषून घेतो. मासा पोहतो परांनी आणि शेपटीने. बहुतेकांच्या अंगावर खवले असतात, पण सगळ्यांच्या नाही. मागूर, शिंगाळा यांचे अंग गुळगुळीत असते. म्हणून खवले आहेत की नाहीत यावर जाऊ नये. कल्ले आणि पर बघावे. वामीच्या पाठीवरून लांबच लांब पर गेलेला असतो. डोक्यामागे कल्ल्याची फट असते.

आबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून बघितले. पर नव्हता. फटही नव्हती. "नाही बुवा, मासा नव्हे," ते म्हणाले. मग सवयीने चढणीच्या माशांची गोष्ट निघाली. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी ओहोळातून येऊ लागले की मासे अंडी घालायला वर शेतात चढतात. त्या वेळी एक मासा धरला की पोटातली शेकडो अंडी गेली. आबा म्हणाले, "आम्ही पोरं असताना पाट्याच्या पाट्या भरून धरायचो. आता पाटीचा तळ झाकत नाही." मी ही गोष्ट त्यांच्याकडून पुष्कळदा ऐकली आहे. दर वेळी शेवटी ते गप्प होतात.

उरला साप. तात्यांना वाटत होते, आता आपलेच खरे.

गुरुजींनी विचारले, "सापाची कात बघितली आहे का?"

कात कोणी बघितली नाही? भाताच्या उडवीत, कुडाच्या फटीत सापडते. कोरडी, पातळ, खवल्यांची नक्षी असलेली. साप ओला नि बुळबुळीत असतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. सापाची, पालीची, घोरपडीची कातडी कोरडी असते. ती खवल्यांची असते आणि अंगातले पाणी धरून ठेवते. म्हणून साप उन्हात, खडकावर, वाळवंटातही राहू शकतो. त्यांची अंडीही कोरड्या जागी राहतात, कारण त्यांवर चिवट साल असते.

कागदावरच्या प्राण्याला खवल्यांची नक्षी दिसत नव्हती. कातडी ओली होती. काडीने तोंड उघडले तर बारीक दात दिसले, पण सापाची दुभंगलेली जीभ नव्हती. डोळे जवळजवळ नव्हतेच. कातडीखाली दोन बारीक काळे ठिपके, एवढेच.

"मग हे आहे तरी काय?" तात्या वैतागून म्हणाले.

"बेडकाचा भाऊबंद," गुरुजी म्हणाले. "याला देवगांडूळ म्हणतात."

सगळे हसले. पाय नाहीत, उडी नाही, डराव नाही, आणि म्हणे बेडकाचा भाऊ!

पण बेडूक कशाने बेडूक होतो ते बघा. उडीने नव्हे. त्याची कातडी ओली असते, आणि तो फुप्फुसाबरोबर त्या कातडीनेही श्वास घेतो. कातडी वाळली की बेडूक मेला. त्याच्या अंड्यांना साल नसते. साबुदाण्याच्या खिरीसारखा चिकट गोळा डबक्यात तरंगतो, ती बेडकाची अंडी. त्यातून शेपटीची काळी पिल्ले निघतात. ती कल्ल्यांनी श्वास घेतात, म्हणजे माशासारखीच जगतात. मग पाय फुटतात, शेपूट जिरते, फुप्फुस तयार होते आणि पिल्लू जमिनीवर येते. एका जन्मात दोन तऱ्हेचे जगणे. म्हणून या घराण्याला उभयचर म्हणतात. उभय म्हणजे दोन्ही. पाण्यातही चरणारा आणि जमिनीवरही.

देवगांडूळ याच घराण्यातले. फार फार पूर्वी त्याच्या पूर्वजांना पाय होते. मातीत बीळ करून राहता राहता ते गेले. आपल्या सह्याद्रीत त्याच्या अनेक जाती आहेत. ते ओल्या मातीत, दगडाखाली, शेणखताच्या ढिगात राहते. गांडुळे, वाळवी, किडे खाते. माती भुसभुशीत करते. पाऊस लागला की वर येते, आणि माणसाच्या नजरेस पडले की बहुतेक वेळा मरते. माणसाला त्याच्यापासून काहीही अपाय नाही.

तात्या खाली बघू लागले. "म्हणजे फुकटच मारला."

गुरुजी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन तोंडं म्हणालात म्हणून आणखी एक सांगतो. मांडूळ नावाचा साप असतो. त्याची शेपूट बोथट असते, म्हणून लोक दुतोंड्या म्हणतात. मांडुळाला लाखो रुपये मिळतात अशी थाप मारून लोकांना फसवणारे हिंडत असतात. त्यात ना धन आहे, ना गुण. मांडूळ पकडणं, विकणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. थाप मारणारा पळून जातो आणि तुरुंगात आपला माणूस बसतो."

इतका वेळ काकू गप्प होत्या. आता त्या बोलल्या. "गुरुजी, न चावणारा कोणता ते कळलं. चावणारा कसा ओळखायचा ते सांगा. माझा दीर त्यानंच गेला."

आम्हाला ती हकिगत ठाऊक होती. पण काकूंनी स्वतः कधी सांगितली नव्हती. श्रावणातली रात्र होती. दीर जमिनीवर झोपला होता. पहाटे उठून म्हणाला, हाताला काहीतरी चावले. सूज नाही, रक्त नाही. घरच्यांनी शोधले तर कोपऱ्यात काळा साप, अंगावर पांढरे पट्टे. शेजारी म्हणाले, कवड्या आहे, बिनविषारी. म्हणून सगळे स्वस्थ बसले. तासाभराने पोटात दुखू लागले. पापण्या जड झाल्या. गिळता येईना. मग कोणी म्हणाले मांत्रिकाकडे न्या. तिथे सकाळ गेली. दवाखान्याच्या वाटेवर श्वास थांबला.

तो कवड्या नव्हता. मण्यार होती.

दोन्ही साप काळपट, दोघांवर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलट. मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होतात, आणि बहुतेक जोडीजोडीने असतात. हे ध्यानात ठेवायला चांगले. पण यावर जीव टांगू नये. रात्री, कंदिलाच्या नाही तर बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या माणसाला पट्टे कुठून सुरू होतात ते कसे दिसणार? साप चावला की तो विषारीच समजून दवाखाना गाठावा. दवाखान्यात तो बिनविषारी निघाला तर हसत घरी यावे.

आपल्याकडे माणसे मारणारे मुख्य साप चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक आपल्यासारखी खेड्यातली. या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. ती कशी करतात, ऐका. घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. त्या रक्तातून लस काढतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम पुष्कळ वर्षे केले आहे. सापाचे विष, घोड्याचे रक्त आणि माणसाचा जीव, असा हा तिघा कणेवाल्यांचा व्यवहार आहे. मंत्राने, मुळीने किंवा कोंबडी लावून विष उतरत नाही. मांत्रिकाची जी माणसे बरी होतात, त्यांना बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापाने चावताना विष सोडलेले नसते.

साप चावला तर काय करावे? माणसाला धीर द्यावा आणि चालू देऊ नये. हातातल्या अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, कारण पुढे सूज येते. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. दोरीने आवळू नये. ब्लेडने कापू नये. तोंडाने रक्त ओढू नये. साप शोधण्यात वेळ घालवू नये. १०८ नंबरला फोन करून गाडी मागवावी. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. आणि जमिनीवर झोपणे सोडावे. खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून झोपावे. मण्यार रात्री उंदीर, पाली, दुसरे साप शोधत घरात येते. माणसाच्या अंगाखाली दबली की चावते.

काकूंनी वहीत १०८ हा आकडा लिहिला. मोठा लिहिला, पानभर.

मग तात्यांचा पुतण्या म्हणाला, "गुरुजी, घोणस पिल्लं घालते. मी स्वतः बघितलीत. मग ती आपल्या पाचव्या घराण्यात येते का? आणि धामण तर गाईचं दूध पिते."

पोरगा हुशार आहे. गुरुजी खुलले. घोणस पिल्ले घालते हे खरे. फुरसेही घालते. त्यांची अंडी पोटातच उबतात आणि पिल्ले जिवंत बाहेर पडतात. पण आई त्यांना दूध पाजत नाही. पिल्ले जन्मतःच आपापल्या वाटेने जातात, आणि त्यांच्या दातांत विषही असते. पाचव्या घराण्याची खूण पिल्ले घालणे ही नव्हे. अंगावर केस आणि पिल्लाला दूध, ही खूण. ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस नावाचा प्राणी अंडी घालतो, तरी तो या घराण्यातलाच, कारण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला तो दूध पाजतो.

आणि धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही निव्वळ ऐकीव गोष्ट. सापाला चोखायला मऊ ओठ नाहीत. त्याचे दात सुईसारखे आणि मागे वळलेले. असे दात सडाला लागल्यावर गाय उभी राहील काय? धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. आपले भात राखणारी धामण आपणच मारतो आणि मग उंदराचे औषध विकत आणतो. नागपंचमीला नागापुढे दूध ठेवतात, तेही त्याचे खाणे नव्हे. तहानेने व्याकूळ केलेला नाग समोर येईल ते पितो, एवढेच.

पाचव्या घराण्यातही आकार फसवतो. वटवाघूळ उडते, पण पक्षी नव्हे. त्याला पीस नाही, अंगावर लव आहे, तोंडात दात आहेत, आणि मादी पिल्लाला छातीशी धरून दूध पाजते. पंखाला पीस असते ते फक्त पक्ष्यांना. दुसऱ्या कुठल्याच जिवंत प्राण्याला पीस नाही. म्हणून पक्षी ओळखायला सगळ्यांत सोपा. कोंबडी ज्याच्या घरी आहे त्याला पक्ष्यांचा धडा वेगळा नको.

समुद्रात कोळ्यांना गादा दिसतो. शहरातले लोक त्याला डॉल्फिन म्हणतात. तो माशासारखा दिसतो, पण त्याला कल्ले नाहीत. श्वास घ्यायला तो पाण्यावर येतो. डोक्यावरच्या भोकातून फुस्स आवाज करतो. मादी पिल्लाला पाण्यातच पाजते. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिला तर तो गुदमरून मरतो. समुद्रात बुडून मरणारा मासा कोणी ऐकला आहे?

खवल्या मांजराची तऱ्हा आणखी वेगळी. अंगावर शिंपल्यासारखे खवले, म्हणून कोणाला वाटावे सापाचा भाऊ. पण पोटावर केस आहेत. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. ते आईच्या शेपटीवर बसून फिरते. त्याचे खवले आपल्या नखांच्याच पदार्थाचे असतात. औषधी म्हणून ते चोरून विकले जातात. नख कुरतडून कोणाचा रोग बरा झाला आहे? खवल्या मांजर मारणे मोठा गुन्हा आहे. मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारा हा प्राणी आता आपल्या रानात क्वचित दिसतो.

आणखी एक गंमत. पक्षी आणि दूध पाजणारे प्राणी यांचे अंग आतून गरम राहते. थंडीत कोंबडीला हात लावा, ऊबच लागेल. ती ऊब टिकवायला रोज खावे लागते. सापाची ऊब उन्हावर चालते. म्हणून थंडीत तो सकाळी वाटेवर ऊन खात पडतो, आणि एकदा पोटभर खाल्ले की कित्येक दिवस त्याला काही लागत नाही. गुरुजी म्हणाले, पोट भरण्याच्या बाबतीत साप आपल्यापेक्षा सुखी. आबा म्हणाले, "त्याला सावकार नाही."

नऊ वाजले. पाऊस थांबला होता. उठता उठता आबांनी विचारले, "गुरुजी, मुशी पिल्लं घालते. मग ती मासा नव्हे काय?" गुरुजी म्हणाले, "कल्ले आहेत ना? मग मासाच. तिच्या अंगात हाड का नसतं, नुसतं कूर्चा का असतं, ते उद्या बघू."

तात्या मात्र जागचे उठले नव्हते. ते म्हणाले, "गुरुजी, तो दुसरा दगडाखाली आहे म्हणालो ना? वेटोळं घालून. वेटोळ्यात साबुदाण्यासारखं काहीतरी होतं. मोठ्या साबुदाण्यासारखं."

"अंडी असतील," गुरुजी म्हणाले. "ओहोळाच्या काठी ओल्या मातीत घालतात. मादी अंड्यांना विळखा घालून राखण करते. ती उठली तर अंडी वाळतात, नाही तर किडे खातात."

"आणि पोरगा पहाटेच ढीग उपसायला जाणार आहे," तात्या म्हणाले. त्यांनी बॅटरी घेतली, काठी ओसरीवरच ठेवली आणि वरच्या वाडीची वाट धरली.